एकाच देहाच्या दोन साक्षी



शिक्षकी पेशांत असतांना मीं एकदां एका विद्यार्थ्याची वही तपासली. अर्ध्या वहींत एक अक्षर, उरलेल्या वहींत दुसरें. दुसऱ्याकडून लिहवून घेतलें असें समजून मीं त्याला बाकावर उभें केलें. पुढें कळलें, कीं उजवा हात दुखावल्यामुळें त्यानें डाव्या हातानें लिहिलें होतें! रानटी मार्जारांविषयीं बोलतांना ती वही मला आठवते.

वाघ, बिबळ्या, रानमांजर यांचें दर्शन दुर्मिळ. संशोधकाच्या हातीं लागतो केस, विष्ठा, किंवा जप्त कातड्याचा तुकडा. त्यांतील डी.एन.ए., म्हणजे देहाचा आनुवंशिक लेख, वाचून प्राण्याची ओळख पटवितात. रक्त, स्नायु, त्वचा या सर्व ऊतींत मूळ लेख एकच असतो, हा या पद्धतीचा पाया. मग एकाच प्राण्याच्या दोन ऊतींत भिन्न लेख आढळला, तर काय समजावें?

प्रथम हें ध्यानांत घ्यावें, कीं पेशींत लेख दोन असतात. मोठा केंद्रकांत, लहान मायटोकॉन्ड्रिया नामक सूक्ष्म कणांत, तो आईकडून येतो. २००३ सालीं अमेरिकेंत न्यू ऑर्लिन्स येथें 'डिटो' नांवाचें आफ्रिकी रानमांजर कृत्रिम रीतीनें जन्मास आलें. केंद्रक रानमांजराच्या त्वचेच्या पेशींतलें, बीजांड मात्र पाळीव मांजरीचें! अशा प्राण्याचा एकच लेख वाचून कूळ ठरविणारा फसण्याचा संभव असतो.

दुसरा चकवा याहून गूढ आहे. मांजराच्या लहान लेखांत सुमारें १७,००० अक्षरें असतात. त्यांपैकीं सुमारें ७,९०० अक्षरांची जुनी नक्कल फार पूर्वीं केंद्रकांत शिरली आणि तेथें ३८ ते ७६ वेळां ओळीनें उतरली, असें १९९४ सालीं प्रसिद्ध झालें. वाघ-सिंहांच्या कुळांतही अशीच, पण निराळी नक्कल आढळली आहे. स्नायूंत मायटोकॉन्ड्रिया विपुल, म्हणून तेथें अस्सल लेख ठळक वाचला जातो. रक्तांत ते कमी, म्हणून नक्कल पुढें येऊं शकते. दोन ऊती भिन्न भासतात. वस्तुतः एकींत अस्सल वाचलेलें असतें, दुसरींत नक्कल.

यावर उपाय आहे. ज्ञात अशा एकाच प्राण्याच्या निरनिराळ्या ऊती आधीं ताडून पाहाव्या. नकलेहून लांब असा सलग लेख वाचावा. केंद्रकाचीही साक्ष घ्यावी. खरा भेद क्वचित् असतोही. परंतु तो मानण्यापूर्वीं वाचनाची चूक वगळली पाहिजे. कारण जप्त कातडें आणि मांस एकाच वाघाचें कीं दोन वाघांचें, यावर कोणा माणसाची शिक्षा अवलंबून असूं शकेल.

त्या मुलाला मीं एक प्रश्न विचारला असता, तर तो तासभर बाकावर उभा राहिला नसता.