एकच जागा



बास्केटबॉल तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. जमिनीपासून १० फूट उंच लोखंडी कडे, त्याला जाळी, आणि दोन्ही बाजूंस पाच-पाच गडी. १८९१ साली अमेरिकेत हा खेळ काढला तोही एका शिक्षकानेच, जेम्स नेस्मिथ याने. हिवाळ्यात मुलांना बाहेर खेळता येईना, तेव्हा त्याने पीच फळांच्या टोपल्याच वर ठोकल्या! पण आज मला सांगायचे आहे ते १९७४ सालच्या एका सामन्याविषयी.

तिकडे कॉलेजांचे गट असतात. त्यांना कॉन्फरन्स म्हणतात. गटातली कॉलेजे हिवाळाभर आपसात खेळतात. ज्याने जास्त सामने जिंकले तो पहिला, असे तुम्ही-आम्ही म्हणू. पण अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स या गटाची रीत निराळी. हंगामाच्या शेवटी आणखी एक स्पर्धा घ्यायची, त्यात एकदा हरला तो बाद, आणि ती जिंकेल तोच गटाचा अजिंक्य. त्या वेळी राष्ट्रीय स्पर्धेत एका गटातून एकाच संघाला प्रवेश असे. म्हणजे पाहा, महिनोन्‌महिने घाम गाळायचा आणि निकाल लागायचा तीन दिवसांत.

९ मार्च १९७४ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ग्रीन्सबरो गावी अंतिम सामना झाला. एका बाजूस नॉर्थ कॅरोलायना स्टेट, देशात पहिल्या क्रमांकाचा संघ. दुसऱ्या बाजूस मेरीलँड, चौथ्या क्रमांकाचा. देशातले असे दोन संघ, आणि जागा एक!

मेरीलँडने सुरुवातीलाच आघाडी घेतली. मध्यंतराला गुण होते ५५ विरुद्ध ५०. स्टेटकडे टॉम बर्लसन हा ७ फुटांहून उंच गडी होता. त्या दिवशी त्याने एकट्याने ३८ गुण मिळवले. वेळ संपली तेव्हा दोघांचेही ९७! जादा वेळ द्यावा लागला. त्यातही शेवटपर्यंत एका गुणाचा फरक. अखेर स्टेटच्या माँटी टो याने दंडाच्या दोन फेका अचूक टाकल्या. हा गडी जेमतेम साडेपाच फुटांचा, बरे का! १०३ विरुद्ध १००, मेरीलँड हरले.

सामन्यानंतर मेरीलँडचे प्रशिक्षक लेफ्टी ड्रीसेल स्टेटच्या बसमध्ये चढले आणि त्या मुलांचे अभिनंदन करून, आता राष्ट्रीय अजिंक्यपद जिंका, म्हणाले. हरलेल्या मुलांची समजूत घालून मग हे करायचे, सोपे नव्हे. स्टेटने पुढे ते जिंकलेही. मेरीलँडला मात्र दुसऱ्या एका स्पर्धेवर समाधान मानण्याची सोय होती. ती त्यांनी नाकारली.

माझ्या मते नियमच कडक होता. खेळात हार-जीत असतेच, पण देशातला चौथा संघ घरी बसतो आणि त्याहून दुबळे संघ केवळ दुसऱ्या गटात आहेत म्हणून खेळतात, हे कोणाला पटेल? पुढल्याच वर्षी, १९७५ साली, राष्ट्रीय स्पर्धा ३२ संघांची झाली आणि एका गटातून एकाहून अधिक संघ घेण्याची मुभा मिळाली. त्या वर्षी मेरीलँड गटाची स्पर्धा हरले, तरी राष्ट्रीय स्पर्धेत गेले. पण १९७४ च्या संघातले लेन एलमोर आणि टॉम मॅकमिलन यांचे कॉलेज तोवर संपले होते.