सायगावचे रस्ते आणि तो व्हॉट्सॲप फॉरवर्ड

मागच्या भागात सांगितलं होतं की मी आठवडाभर हो ची मिन्ह सिटीला, म्हणजे जुन्या सायगावला जाऊन आलोय, काही विचारायचं असेल तर पाठवा. भरपूर प्रश्न आले. व्हिसा, खर्च, व्हेज मिळतं का वगैरे. पण सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न वेगळाच होता : "तिथला शिवाजी महाराजांचा पुतळा बघितलास का?"

त्याच्यावर येतोच. आधी किरकोळ गोष्टी उरकतो. ई-व्हिसा ऑनलाइन मिळतो, एका प्रवेशाचे २५ डॉलर. मुंबईहून थेट विमान आहे. एका रुपयाला साधारण ३०० डोंग, त्यामुळे एटीएममधून बाहेर आलं की आपण लखपती. फक्त एक लक्षात ठेवा, २० हजारांची आणि ५ लाखांची नोट, दोन्ही निळ्या, दोन्हींवर हो ची मिन्ह यांचाच चेहरा. रात्री टॅक्सीत पैसे देताना शून्यं मोजा. आणि शाकाहारी मंडळींनी एकच शब्द पाठ करा : 'चाय'. चहा नाही हां! तिकडे 'चाय' म्हणजे शाकाहारी. बरेच बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांसाहार करत नाहीत, आपल्याकडे एकादशी-चतुर्थी पाळतात तसं. त्यामुळे 'चाय' अशी पाटी असलेली साधी खानावळ शोधली की सापडते. बाकी ठिकाणी मात्र निरागस दिसणाऱ्या भाजीतही मासळीचा सॉस असू शकतो.

आता रस्ता ओलांडणं. लाखो स्कूटर आहेत या शहरात, आणि त्या थांबत नाहीत. सिग्नल नसेल तर वाट बघत उभं राहायचं नाही, कारण गॅप येतच नाही. सरळ उतरायचं आणि एकाच संथ वेगाने चालत राहायचं. पळायचं नाही, मागे फिरायचं नाही, मध्येच थबकायचं तर अजिबात नाही. समोरचा तुमचा वेग बघून आधीच अंदाज बांधतो आणि बाजूने निघून जातो. तुम्ही दचकलात की त्याचा अंदाज चुकतो. बस आणि ट्रकला मात्र हा नियम लागू नाही, त्यांना जाऊ द्यायचं. आणि हो, जवळपास प्रत्येकाच्या डोक्यावर हेल्मेट. डिसेंबर २००७ पासून सक्ती आहे आणि लोक पाळतात. मी पुण्यात राहतो, त्यामुळे या विषयावर जास्त बोलत नाही.

तर, पुतळा.

फॉरवर्ड तुम्हाला माहीत असेलच. व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं ते महाराजांचा गनिमी कावा वाचून, तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी तसं सांगितलं, त्यांचे एक मंत्री भारतात आले तेव्हा रायगडावर जाऊन माती घेऊन गेले, आणि तिकडे महाराजांचा पुतळा आहे. माझ्या फॅमिली ग्रुपवर हा मेसेज वर्षातून दोनदा येतो, १९ फेब्रुवारीला तर नक्कीच. गंमत म्हणजे ऑफिसमधल्या राजस्थानच्या मित्राकडे हाच मेसेज हिंदीत आहे. सगळं तेच, फक्त महाराजांच्या जागी महाराणा प्रताप! कोड कॉपी करून व्हेरिएबलचं नाव बदलावं तसं.

सायगावात असा पुतळा नाही. पण मला जास्त सांगायचंय ते तिथे काय आहे त्याबद्दल.

आमच्या हॉस्टेलची एक वॉकिंग टूर होती. कॉलेजात शिकणारी एक मुलगी इंग्रजीचा सराव म्हणून ती घ्यायची. ग्रुपमध्ये मी आणि योगायोगाने सोलापूरचे एक रिटायर्ड काका-काकू. सुरुवात बेन थान मार्केटपासून. तिथूनच शहराची पहिली मेट्रो सुटते, २२ डिसेंबर २०२४ ला सुरू झालेली. तिथून आम्ही ज्या रस्त्याने निघालो त्याचं नाव ले लोई. मी सहज विचारलं, हे कोण? तर पंधराव्या शतकातला जमीनदार. चीनच्या मिंग सत्तेविरुद्ध १४१८ मध्ये डोंगरात थोडी माणसं घेऊन उभा राहिला, मोठ्या फौजेशी समोरासमोर भिडायचं टाळलं, आणि दहा वर्षांत त्यांना हाकलून राजा झाला. काका लगेच म्हणाले, "अरे, हे आपल्यासारखंच की!"

पुढे रस्ता न्गुयेन हुए मार्गाला लागतो. एकेकाळी इथे कालवा होता, फ्रेंचांनी बुजवला. २०१५ पासून हा पायी चालायचा रस्ता आहे, संध्याकाळी पोरं स्केटिंग करतात. हा न्गुयेन हुए म्हणजे १७८९ मध्ये ऐन तेतच्या सणात, त्यांच्या नववर्षात, चिनी छावणीवर तुटून पडलेला सेनानी. आता १९६८ आठवा, अमेरिकेला हादरवणारा 'तेत ऑफेन्सिव्ह'. तोही त्याच सणात. कल्पना कुठून आली हे शोधायला रायगडापर्यंत यायची गरज आहे का, तुम्हीच सांगा. व्हिएतनामचे सेनापती व्हो न्गुयेन जियाप हे तर आधी इतिहासाचे शिक्षक होते.

मग नदी. काठाने डावीकडे चालत गेलं की दोंग खोई रस्त्याचं तोंड लागतं. फ्रेंच काळात त्याचं नाव कातिना, दक्षिण व्हिएतनामच्या काळात 'तु दो' म्हणजे स्वातंत्र्य, आणि १९७५ नंतर दोंग खोई, म्हणजे उठाव. सत्ता बदलली की पाटी बदलली. शहराचंही तेच. ३० एप्रिल १९७५ ला सायगाव पडलं आणि पुढच्या वर्षी ते हो ची मिन्ह सिटी झालं. बोलताना लोक अजून सायगावच म्हणतात, ते सोडा.

त्याच्या थोडं पुढे मे लिन्ह चौक. मधोमध उंच खांबावर एक योद्धा, एक हात तलवारीवर, दुसऱ्या हाताचं बोट खाली नदीकडे. त्रान हुंग दाओ. १२८८ मध्ये मंगोल आरमार उत्तरेतल्या बाख दांग नदीत शिरलं. याने नदीच्या तळात टोकदार खांब रोवून ठेवले होते. भरतीच्या वेळी ते पाण्याखाली, दिसेनात. याची माणसं लढल्यासारखं करून मागे पळाली, मंगोल पाठलाग करत आत आले, ओहोटी लागली आणि जहाजं खांबांवर अडकली. संपलं. कुब्लाई खानाचं आरमार होतं ते, लक्षात घ्या.

याच चौकात आधी त्रुंग भगिनींचा पुतळा होता. इसवी सन ४० मध्ये चिनी हान सत्तेविरुद्ध उठलेल्या दोन बहिणी. पण त्यांचे चेहरे सत्तेतल्या मादाम न्हू यांच्यासारखे दिसतात अशी चर्चा होती, म्हणून १९६३ च्या बंडात लोकांनी तो पाडला. त्रान हुंग दाओंचा पुतळा १९६७ चा, म्हणजे अमेरिकेच्या बाजूच्या सरकारच्या काळातला. १९७५ ला कम्युनिस्ट आले, त्यांनी इतक्या पाट्या बदलल्या, पण हा तसाच ठेवला. दोन्ही बाजूंना तो आपलाच वाटत होता.

इथेच काकांनी त्या मुलीला विचारलं, "आणि आमच्या शिवाजी महाराजांचा पुतळा कुठे आहे?" ती गोंधळली. मोबाइल काढून शोधायला लागली, चेहरा पडला तिचा. गाइड असून आपल्याला माहीत नाही असं वाटलं असणार. मी म्हटलं, "काका, इथे नाहीये तो. फॉरवर्ड आहे." काका काही बोलले नाहीत. काकूच म्हणाल्या, "अहो, मग आपणच सांगा ना तिला." आणि काकांनी सांगितलं! मोडक्या इंग्रजीत, प्रतापगडापासून आग्र्यापर्यंत, चांगली दहा मिनिटं. मुलगी टिपून घेत होती. पेटाऱ्यांचा किस्सा ऐकून तर खूप हसली, नाव परत विचारून स्पेलिंग लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी वॉर रेम्नंट्स म्युझियमला गेलो. एकटाच, आणि तेच बरं झालं. १९६१ ते १९७१ मध्ये अमेरिकेने तिथल्या जंगलांवर आणि शेतांवर सात कोटी लिटरहून जास्त तणनाशकं फवारली, त्यातलं बरंचसं एजंट ऑरेंज. त्याचे परिणाम एका दालनात फोटोंमध्ये आहेत, पुढच्या पिढ्यांतल्या मुलांचेही. वरच्या मजल्यावर युद्धात मारल्या गेलेल्या फोटोग्राफरांची छायाचित्रं आहेत, दोन्ही बाजूंच्या. 'आमची आयडिया वापरून जिंकले' हे वाक्य तिथे उभं राहून म्हणून बघा. मला जमलं नसतं. लहान मुलं बरोबर असतील तर ते दालन टाळा.

जाणार असाल तर हा सगळा पायी रस्ता तासाभराचा आहे, सकाळी सातच्या आत निघा, नंतर उकाडा सहन होत नाही. बेन थानजवळच मारियम्मनचं मंदिर आहे, तमिळ लोकांनी बांधलेलं, पण पूजेला व्हिएतनामी बायकाही येतात. आणि संध्याकाळी पुतळ्यासमोरच्या बाख दांग धक्क्यावरून वॉटरबस पकडा. तिकीट १५ हजार डोंग, म्हणजे आपले पन्नासेक रुपये. खिडकीची जागा मिळाली तर उत्तम.