पगारपत्रकाच्या मागचा हिशेब



या व्यासपीठावर पंडितांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी मागच्या बाकांवर बसून ऐकावे, हा आजवरचा रिवाज. चिटणिसांनी तो मोडला आणि जेमतेम दहावीपर्यंत शाळा पाहिलेल्या एका कामगार-कार्यकर्त्याला ‘कचेरीतील संगणक आणि नोकरदार’ या विषयावर उभे केले. माझे शिक्षण झाले ते संघाच्या कचेरीत, कायद्याची पुस्तके, न्यायालयांचे निवाडे आणि मालकांची पत्रे वाचून. संगणकही मी तसाच शिकलो, चाळिशी लागल्यावर. तेव्हा या यंत्राचे शास्त्र मला विचारू नका. पगारपत्रक वाचण्याचा अधिकार मात्र मी तीस वर्षे वापरत आलो आहे, आणि आज जे सांगावयाचे ते त्या अधिकारातून.

आमच्या वर्गाला येणारा पन्नाशीचा माणूस पहिला प्रश्न हाच करतो, की आता या वयात हे शिकून मला काय करावयाचे? मी यंत्रावर काम करतो, टेबलावर नाही. मुलगा शिकला, सून शिकली, पुरे झाले. त्याला मी एका कारखान्याची हकीकत सांगतो. कारखान्याचे नाव घेत नाही. तेथील प्रकरण मिटले आहे.

तेथे जादा कामाचा हिशेब पूर्वी टाइम ऑफिसातला कारकून वहीत करीत असे. पुढे तो एक्सेलच्या तक्त्यावर गेला. रोजचे जादा तास रकान्यात भरावयाचे, तळाशी बेरीज आपोआप यावयाची. काही महिन्यांनी एक फिटर आपली खिशातली डायरी घेऊन संघाच्या कचेरीत आला. त्याने तेरा दिवस दोन-दोन तास जादा काम केले होते. म्हणजे तास झाले २६. तक्त्यात बेरीज दिसत होती दोन तास. त्याचा दर ताशी ९० रुपये. दुप्पट दराने २६ तासांचे ४,६८० रुपये व्हावयाचे, हातात पडले ३६०. त्याच्या शेजारच्या माणसाने २३ तास केले होते, त्याला मात्र २३ तासांचे पैसे बिनचूक मिळाले. ज्याने अधिक राबावे त्याला कमी मिळावे, असा तो चमत्कारिक न्याय!

कारकुनाला विचारले. तो म्हणाला, “साहेब, कॉम्प्युटरने काढले आहे, चूक कशी असेल?” तो लबाड नव्हता, आणि मालकही या बाबतीत लबाड नव्हता. घडले होते ते असे. एक्सेलच्या पोटात एक पूर्ण दिवस म्हणजे १ हा आकडा. तास हा त्या दिवसाचा चोविसावा हिस्सा. घरातल्या आकड्याला घड्याळाचे रूप दिले असेल, तर चोवीस तास भरले की भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे काटा पुन्हा शून्यावर येतो आणि वरचे दोन तेवढे दिसतात. पोटात २६ तास शाबूत असतात, तोंडावर दोन. कारकून तोंडावरचा आकडा पाहून पगारपत्रकात चढवीत होता. उपायही एवढासाच होता: त्या घराचे रूप ठरविताना तासाच्या ‘एच्’ या अक्षराला चौकोनी कंस घालावयाचा, म्हणजे २६ हे २६च दिसतात. एवढ्या दोन कंसांसाठी त्या खात्यातली माणसे कित्येक महिने आपल्या घामाचा पैसा सोडून देत होती.

जादा कामाला दुप्पट दराने मजुरी हे तत्त्व १९४८ च्या कारखाने कायद्याने देशभर घालून दिले. ते मिळविण्यासाठी आमच्या आधीच्या पिढीने काय सोसले ते या गावात कोणाला सांगावयास नको. कायद्याने दिलेले असे तक्त्यात गळते, आणि गळते ते कोणाच्या ध्यानातही येत नाही. फिटरची डायरी होती म्हणून समजले. डायरी नसती तर?

अशा गळतीला फक्त आमचेच कारखाने बळी पडतात असे समजू नका. २०२० सालच्या सप्टेंबरअखेरीस इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यात कोरोना रुग्णांच्या नोंदी जुन्या धाटणीच्या एक्सेल फायलीत ओतल्या जात होत्या. त्या जातीच्या फायलीत ६५,५३६ पेक्षा अधिक ओळी मावत नाहीत. मावले नाही ते मुकाट्याने बाहेर राहिले, आणि आठवडाभरातले १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून गळाले. त्यांच्या सहवासात आलेल्यांना सावध करण्यास तितका उशीर झाला. यंत्र काही खोटे बोलले नाही. विचारणाऱ्याला त्याची क्षमता ठाऊक नव्हती.

आता शिकावयाचे म्हणजे नेमके काय? आपल्याकडे २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एम्. एस्. सी. आय्. टी. हे पाच अक्षरांचे नाव खेड्यापाड्यांत पोहोचले. फार मोठे काम झाले, हे मी मोकळ्या मनाने म्हणतो. त्या वर्गामुळे ज्या मुलींनी पहिल्यांदा यंत्राला हात लावला त्या मी पाहिल्या आहेत. पण प्रमाणपत्र चौकटीत बसवून भिंतीवर लावले आणि तीन वर्षांनी साधी रजेची यादी करता येत नाही, असेही लोक मी पाहिले आहेत. कारण ते बटणे शिकले. बटणे दर दोन-चार वर्षांनी जागा बदलतात. हिशेब बदलत नाही.

म्हणून आमच्या वर्गात पहिल्या दिवशी आम्ही घरचे विजेचे बिल आणावयास सांगतो, बारा महिन्यांचे. आकडे एका रकान्यात भरा, खाली बेरजेचे सूत्र लिहा. परंतु एंटर दाबण्यापूर्वी तोंडी अंदाज सांगा! या कामात म्हातारी माणसे तरुणांना हार जात नाहीत. ज्यांनी लहानपणी पावकी, निमकी, दिडकी घोकली त्यांचा अंदाज यंत्राच्या शेजारी जाऊन बसतो. बेरीज अंदाजाहून फार कमी आली तर रकान्यावरून नजर फिरवा. एखादा आकडा घराच्या उजव्या कडेला न टेकता डाव्या कडेला टेकलेला दिसेल. तो आकडा नव्हे, यंत्राच्या लेखी ते अक्षर आहे, आणि बेरजेचे सूत्र अक्षरांना वगळून पुढे जाते. ही एक खूण ज्याला कळली त्याचा वर्गाचा अर्धा वेळ कारणी लागला.

दुसरी गोष्ट भीतीची. यंत्र बिघडेल, साहेब ओरडेल, म्हणून हात थरथरतो. त्यावर औषध सोपे आहे: फायलीची आधी एक प्रत काढून ठेवावयाची, काम प्रतीवर करावयाचे, आणि चुकले तर कंट्रोल व झेड ही दोन बटणे एकदम दाबावयाची, म्हणजे शेवटची कृती मागे फिरते. आणि शिकविणाऱ्याला आमची सक्त ताकीद असते की विद्यार्थ्याच्या माऊसला हात लावावयाचा नाही. घरी मुलगा काय करतो? “थांबा बाबा, मी दाखवतो,” म्हणून माऊस हिसकावतो, चार टिचक्या मारतो आणि निघून जातो. बाबा होते तेथेच राहतात.

मराठी पत्राचेही असेच. कचेरीकचेरीतून अजून जुन्या टंकांत पत्रे लिहिली जातात. लिहिणाऱ्याच्या पडद्यावर सुरेख मराठी दिसते. तीच फाइल दुसऱ्या गावच्या यंत्रावर उघडली की रोमन अक्षरांचा कचरा. एका बाईंचा प्रसूतीच्या रजेचा अर्ज वरच्या कचेरीत असा कचरा होऊन पडून राहिला होता. युनिकोडमध्ये लिहिले तर मराठी अक्षर कोठेही मराठीच राहते. त्यासाठी इनस्क्रिप्ट हा कळफलक शिकावा: स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, मांडणी आपल्या वर्णमालेच्या वळणाची. टंकलेखनाच्या जुन्या सवयीच्या माणसाला आठ दिवस तो नकोसा वाटतो, एवढेच.

आता उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा हिशेब करून पाहू. हा प्रत्येकाच्या घरचा प्रश्न आहे. १९७२ च्या कायद्याने नियम घातला आणि नव्या संहितेतही तो राहिला आहे: मासिक पगारदाराचे अखेरचे वेतन २६ ने भागावे, १५ ने गुणावे, आणि नोकरीच्या वर्षांनी गुणावे. वेतन २६,००० आणि नोकरी २० वर्षे असेल तर ३ लाख रुपये. कोणी सूत्रात २६ च्या जागी ३० लिहिले, महिन्याचे दिवस तीस म्हणून सहज लिहिले, तर येतात २ लाख ६० हजार. चाळीस हजारांचा फरक, आणि निवृत्त होणाऱ्याच्या हातात कागद येतो तो फक्त शेवटच्या आकड्याचा. त्या घरावर टिचकी मारून वरच्या पट्टीत सूत्र वाचता येणे, एवढ्यासाठी मी पन्नाशीच्या माणसाला शिकावयास बोलावतो.

राहिला प्रश्न, हे शिक्षण कोणाच्या खर्चाने आणि कोणाच्या वेळात? आपल्या चळवळीचा इतिहास या बाबतीत सरळ नाही. १९६० नंतरच्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कलकत्त्याच्या कर्मचाऱ्यांनी संगणक कचेरीत येऊच नये म्हणून झुंज दिली. नोकऱ्या जातील ही भीती पोकळ नव्हती, आणि त्यांना आज हसणाऱ्यांशी माझे जमत नाही. १९८३ साली बँक-कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी निराळा मार्ग धरला: बँकांशी यंत्रीकरणाचा करार केला, यंत्रे कोठे आणि किती हे टेबलावर बसून ठरविले. मला दुसरा मार्ग पसंत आहे, कारण त्यात कामगाराचे मत आधी विचारले जाते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात, जेथे नव्या तंत्रामुळे कपात संभवते तेथे २१ दिवस आधी बदलाची सूचना देण्याचे बंधन होते, आणि त्याची जागा घेणाऱ्या संहितेतही बदलाच्या सूचनेची तरतूद आहे. परंतु कपात न करताच माणसाला निकामी ठरविता येते. नवी प्रणाली सोमवारी बसवावयाची, मंगळवारी चुकांचे मेमो वाटावयाचे, आणि शिकून घ्या म्हणून सांगावयाचे ते रात्रीच्या वर्गात, पदरच्या पैशाने. बायकांना तर रात्रीचा वर्ग म्हणजे नाहीच म्हटल्यासारखे.

आमच्या सध्याच्या मागणीपत्रात म्हणून चार कलमे आहेत. शिक्षण कामाच्या वेळात आणि पगारी असावे. एका यंत्रावर एकच शिकणारा बसावा. तिघांत एक यंत्र असले की एक शिकतो आणि दोघे पाहतात. पहिले सहा महिने यंत्रावरील चुकांबद्दल कारवाई होऊ नये. आणि प्रत्येक कामगाराला आपल्या पगाराचा तक्ता, सूत्रांसकट, मागितल्यावर पाहता यावा. पहिली तीन कलमे थोड्या घासाघिशीनंतर व्यवस्थापनाने मान्य केली. चौथ्यावर ते अडून बसले आहेत. आकडा दाखवू, सूत्र दाखविणार नाही, असे त्यांचे म्हणणे. पुढल्या बैठकीला आमच्या बाजूने बोलावयास तो डायरीवाला फिटर बसणार आहे.