सोळा वाव पाण्याखाली



मासेमारी म्हटली की लांबवर पसरलेली जाळी आणि त्यांत फडफडणारे बांगड्यांचे थवे आपल्या डोळ्यांपुढे येतात; परंतु आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे ते गोबरा, तांबोशी यांसारखे मासे तळाच्या खडपांत, कपारींच्या आश्रयाने राहणारे असल्यामुळे तेथे घातलेले जाळे बहुधा फाटूनच वर यावयाचे, आणि म्हणून त्या मुलखात अंमल चालतो तो गरीचा.

मालवणच्या एका वृद्ध तांडेलाच्या होडीत मी काही वेळा बसलो आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला हा मनुष्य घरी दोर दुरुस्त करीत बसे आणि अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या पाण्यात, बाहेर पडे. कारण उधाणाची ओढ अशी की शिसे तळाला टेकण्यापूर्वीच दोर तिरपा होऊन वाहत जातो. देवळाचा कळस मागच्या खिंडीशी जुळला आणि त्याच वेळी दुसऱ्या अंगास किल्ल्याचा बुरूज एका ठरावीक माडाआड गेला, की नांगर पडे. मग दोर बोटावर घेऊन तो डोळे मिटी. खडकावर शिसे टणकन आपटते, वाळूवर नुसते बसते, चिखलात रुतून उचलताना किंचित चिकटते. हे सारे तर्जनीला कळते, असे तो सांगे. माझ्या तर्जनीला, कबूल केले पाहिजे, ते कधीच कळले नाही. माझे गळ खडपातच अडकत.

हौशी मंडळी मोठ्या औदार्याने म्हणतात की लहान मासा लागला तर सोडून द्यावा. ओढ्याकाठी हे ठीक. पण सोळा वाव, म्हणजे सुमारे ३० मीटर खोलीवर, हवेचा व पाण्याचा मिळून दाब पृष्ठभागावरील दाबाच्या चौपट असतो. तेथून गोबरा झपाट्याने ओढला की त्याच्या वाताशयातील वायू चौपट फुगू पाहतो, आणि त्या वाताशयास घशाकडे उघडणारी वाट नसल्यामुळे पुष्कळदा जठरच तोंडावाटे बाहेर ढकलले जाते. असा मासा परत टाकला तरी पोट वर करून तरंगत राहतो, आणि पुढचे काम घारी करतात.

गळ मोठा घेतला तर पिले वाचतात, हे खरे. पण गोबऱ्याच्या अनेक जाती आरंभी मादी असून वाढत्या वयात नर होतात, तेव्हा निवडून थोरलेच काढले तर नरांचा तुटवडा पडावयाचा. म्हणजे जो काही विवेक करावयाचा तो गरी पाण्यात सोडण्यापूर्वीच. आमचा तांडेल एका खडपावर लागोपाठ दोन भांग बसत नसे. चार-पाच मासे आले की नांगर उचली, आणि मी कुरकुरलो तर ऐकून न ऐकल्यासारखे करी. १ जून ते ३१ जुलै या मुदतीतला सरकारी बंदीहुकूम यांत्रिक नौकांपुरता आहे. त्याच्या वल्ह्याच्या होडीला तो लागू नव्हता, तरीही नारळी पौर्णिमेपूर्वी ती मांगराबाहेर निघत नसे.