एक पाना कमी

हवाई दल म्हटलं की लोकांना वैमानिक आठवतो. मी हवाई दलात सत्तावीस वर्षं काढली आणि एकदाही विमान चालवलं नाही. माझं काम जमिनीवरचं. मी इंजिन फिटर. साध्या भाषेत सांगायचं तर मेकॅनिक, मिस्त्री. आज त्या कामाबद्दल चार गोष्टी सांगणार आहे.

माझं गाव चामोर्शी तालुक्यातलं. वडील ट्रकवर मिस्त्री होते. आलापल्लीचा साग आणि जंगलातला बांबू घेऊन ट्रक बल्लारपूरकडे जायचे. वाटेत ट्रक बंद पडला की वडील त्याच्याखाली शिरत. अंधार झाला तर मोहाच्या झाडाखाली चूल मांडायची, भात शिजवायचा आणि उरलेलं काम सकाळी. मी मिस्त्रीकाम तिथं पाहिलं. १९९० मध्ये हवाई दलात भरती झालो, बेळगावजवळच्या सांबऱ्याला कवायत शिकलो, मग प्रशिक्षण केंद्रात इंजिन शिकलो. तिथं पहिल्याच आठवड्यात कळलं, की आपल्या कामात मोहाचं झाड नाही. वर गेलेलं यंत्र वाटेत उभं करता येत नाही. जे काही पाहायचं, ते खाली असतानाच पाहायचं.

माझी बरीच नोकरी एम-आय-१७ या हेलिकॉप्टरवर झाली. हे रशियन बनावटीचं हेलिकॉप्टर आपल्याकडे १९८५ पासून आहे. डोक्यावर पाच पात्यांचा पंखा, त्याचा व्यास एकवीस मीटर, दोन इंजिनं, भरलेलं वजन तेरा टनांपर्यंत. लोक विचारतात, रोज काय बघता त्यात? रोज तेच बघतो. दिवसातल्या पहिल्या उड्डाणाआधी तपासणी, दोन उड्डाणांच्या मध्ये तपासणी, दिवस संपल्यावर पुन्हा तपासणी. तेल किती उतरलं, कुठं पाझरतंय का, बोल्टला बांधलेली तार शाबूत आहे का. गिअरबॉक्सच्या तेलात लोहचुंबकाचं एक बूच असतं. ते काढून बोटावर पुसायचं. आतले दाते झिजत असतील तर लोखंडाचा कीस त्या बुचाला चिकटतो. डॉक्टर रक्त तपासतात, तसंच हे.

हे सगळं झालं की एका नोंदवहीत सही करायची. तिला आम्ही फॉर्म सातशे म्हणतो. इंजिनवाला, सांगाडेवाला, विजेचं काम करणारा, प्रत्येक जण आपापल्या कामाखाली सही करतो. शेवटी वैमानिक ती वही वाचतो, स्वतः सही करतो आणि मगच चढतो. तो मला नावानं ओळखत असेलच असं नाही. पण माझ्या सहीवर तो जीव ठेवतो.

आणखी एक नियम आहे. प्रत्येक हत्याराला पेटीत त्याच्याच आकाराची जागा असते. काम सुरू करण्यापूर्वी हत्यारं मोजायची, संपल्यावर पुन्हा मोजायची. एक जागा रिकामी दिसली तर यंत्र उडत नाही. कारण हरवलेला पाना कुठं असेल? कदाचित गवतात. कदाचित वैमानिकाच्या दांड्यापासून पंख्यापर्यंत जाणाऱ्या सळ्यांमध्ये.

१९९४ साली उत्तरेकडच्या एका तळावर असताना माझ्या पेटीतला एक छोटा स्क्रू-ड्रायव्हर गायब झाला. मी घाबरलो. वाटलं, सापडेल आत्ता, कशाला बोभाटा करायचा? एकट्यानंच शोधत राहिलो. शेवटी सार्जंटना सांगितलं. त्यांनी हेलिकॉप्टर थांबवलं आणि सगळ्यांना बॅटऱ्या घेऊन कामाला लावलं. रात्री दोन वाजता तो सापडला, माझ्याच डगल्याच्या फाटक्या खिशातून अस्तरात उतरलेला. मला वाटलं, आता खरडपट्टी. सार्जंटनी एवढंच विचारलं, “बीस मिनट क्यों लगे?” हरवला कसा, हे विचारलंच नाही. सांगायला वीस मिनिटं का लागली, हा त्यांचा प्रश्न होता. त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

वीस वर्षांनी त्याची परतफेड करायची वेळ आली, आणि तीही माझ्याच जिल्ह्यात. २०१४ ची लोकसभा निवडणूक. गडचिरोलीत १० एप्रिलला मतदान होतं. अहेरी, एटापल्ली, भामरागडच्या आतल्या केंद्रांवर मतदान पथकं रस्त्यानं पाठवणं धोक्याचं होतं, सुरुंगांची भीती. म्हणून ही माणसं आणि मतदान यंत्रं हेलिकॉप्टरनं नेतात. आकाशातही धोका नव्हता असं नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये शेजारच्या छत्तीसगडमध्ये मतदान पथकाला आणणाऱ्या हवाई दलाच्या हेलिकॉप्टरवर गोळीबार झाला होता. त्यात फ्लाइट इंजिनिअर सार्जंट मुस्तफा अली यांचा मृत्यू झाला. ते आमच्याच बिरादरीतले, हत्यारं हाताळणारे. आम्हा सगळ्यांना ते नाव पाठ होतं.

८ एप्रिलची सकाळ. ऊन आत्तापासूनच चटके देत होतं. हवा तापली की विरळ होते, पंख्याला पकड कमी मिळते, म्हणून दुपारी माणसं कमी न्यावी लागतात. शिवाय उतरताना उडणारी लाल धूळ इंजिनात जाते. त्यामुळे सकाळची प्रत्येक फेरी मोलाची. पथक आत बसलं होतं. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक अशी आपलीच माणसं. बरेच जण पहिल्यांदाच हेलिकॉप्टरमध्ये बसलेले, कुणी कानात कापूस घातलेला.

इतक्यात आमचा एक कॉर्पोरल माझ्याकडे धावत आला. पोरगाच, तेवीस-चोवीस वर्षांचा. चेहरा पांढरा पडलेला. म्हणाला, “सर, एक पाना कमी आहे. दोनदा मोजले.” सकाळी इंजिनावरची एक पट्टी त्यानं आवळली होती. मी पायलटसमोर गेलो आणि दोन्ही हातांची फुली केली. इंजिन सुरू व्हायचं होतं, ते राहिलं.

पथकाला खाली उतरवलं. सगळ्यांच्या नजरा आमच्यावर. वायरलेसवर विचारणा सुरू झाली, उशीर का? खरं सांगतो, मनात आलं, की पाना गवतातच पडला असणार. हे एवढे लोक खोळंबलेत. पण आम्ही इंजिनाची झाकणं उघडली. ती उघडली की त्यांच्यावरच उभं राहून काम करता येतं. गवतात चार जण रांगेनं चालले, वर तिघं आरसा आणि बॅटरी घेऊन वाकले. सुमारे तासाभरानं तो सापडला. इंजिनाखालच्या खोबणीत, नियंत्रणाच्या सळीपासून वीतभर अंतरावर. हेलिकॉप्टर कललं असतं तर घसरून कुठं अडकला असता, सांगता येत नाही. काही झालंही नसतं कदाचित. पण आमच्या धंद्यात ‘कदाचित’वर सही करत नाहीत.

पुन्हा मोजणी, पुन्हा तपासणी, पुन्हा सही. पथक चढताना एक वयस्क गुरुजी थांबले. रागातच होते. “कावून जी, एक तास उन्हात उभं केलं आमाले?” मी म्हटलं, “गुरुजी, तपासणी राहिली होती थोडी.” ते पुटपुटत आत गेले. काय हरवलं होतं, ते त्यांना कधीच कळलं नाही. मी चामोर्शीचा, हेही सांगायचं राहिलं.

हेलिकॉप्टर गेल्यावर कॉर्पोरल बाजूला उभा होता, शिक्षेची वाट बघत. पाना निष्काळजीपणानं राहिला होता, त्याची नोंद झाली, समजही मिळाली. पण त्याआधी मी त्याला चहा पाजला आणि विचारलं, “कळल्यापासून माझ्याकडे यायला किती वेळ लागला?” तो म्हणाला, “दोन मिनिटं, सर.” मी म्हटलं, “मला वीस लागली होती.”

मतदान झालं, पथकं परत आली. मी २०१७ मध्ये निवृत्त झालो, आता चंद्रपूरला असतो. आयटीआयमधली मुलं भेटायला येतात. आता भरती अग्निवीरवायू म्हणून चार वर्षांसाठी होते, त्यामुळे मुलं विचारतात, चार वर्षांत शिकून काय मिळणार? त्यांना मी सांगतो, इंजिन तर शिकालच. पण चूक झाली तर लपवायची नाही, ताबडतोब सांगायची, ही सवय लागली तर चार वर्षं वाया गेली नाहीत. आणि जे वरिष्ठ होतील, त्यांनी सांगायला आलेल्या पोरावर आधी ओरडायचं नाही. ओरडलात, तर पुढच्या वेळी तो येणार नाही. पाना मात्र तिथंच राहील.

वडील आता नाहीत. त्यांची लोखंडी पेटी घरी आहे. तिच्यात अकरा पाने आहेत. स्कूटरचं काम केलं की मी ते मोजूनच ठेवतो.