जुनी स्कॉर्पिओ : घरची देखभाल व फेरफार



नाशिक म्हटलें म्हणजे गोदावरीचे घाट आणि द्राक्षांचे मळे डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु याच शहराच्या सातपूर औद्योगिक वसाहतींतील महिंद्र कंपनीच्या कारखान्यांतून २००२ सालीं स्कॉर्पिओ नांवाची मोठी, उंच मोटार निघाली, हेंही तितकेंच खरें आहे. १९४५ सालीं स्थापन झालेल्या या कंपनीनें १९४७ पासून मुंबईस विलीज जीपगाड्या जुळविण्याचें काम हातीं घेतलें होतें. जुळविण्यापासून स्वतःची गाडी घडविण्यापर्यंतचा हा प्रवास अर्ध्या शतकाहून अधिक काळाचा आहे. त्याचें फळ म्हणजे आज आपल्या शहरांत अनेक घरांच्या अंगणांत पंधरा-वीस वर्षांची एखादी स्कॉर्पिओ उभी असते. ती विकावी कीं राखावी, हा प्रश्न त्या घरांत वारंवार निघतो. राखावयाची, तर घरच्या घरीं काय करावें आणि काय करूं नये, याचा विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

प्रथम या गाडीची घडण लक्षांत घेऊं. लहान मोटारींत सांगाडा आणि वरची पेटी एकजीव असतात. स्कॉर्पिओंत खालीं शिडीच्या आकाराचा पोलादी सांगाडा, म्हणजे चॅसी, असतो आणि वरची पेटी त्यावर रबराच्या उशा घालून बोल्टांनीं बसविलेली असते. या रचनेमुळें गाडी खडबडीत रस्त्यास दाद देत नाहीं, आणि तिचा बहुतेक भाग सुटा करून दुरुस्त करतां येतो. पण याच रचनेचे तीन तोटेही आहेत. सांगाडा गंजला तर सर्वच गेलें. उंचीमुळें वळणावर गाडी कलते. आणि वजनामुळें ब्रेकांवर मोठा भार पडतो. आपल्या जिल्ह्यांत या गाडीचे तीन वैरी आहेत : इगतपुरी-त्र्यंबककडचें पाणी, निफाड-दिंडोरीकडची धूळ, आणि कसारा घाटाचा उतार.

पाण्यापासून आरंभ करूं. पावसाळ्यांत चिखल चॅसीच्या खांचांत जाऊन बसतो व आंतून ओल धरून ठेवतो. म्हणून पावसाळा संपतांच गाडी वरून धुण्याआधीं खालून धुवावी. दारांच्या खालच्या कडेस आणि चॅसीस पाणी निघून जाण्यासाठीं भोकें ठेवलेलीं असतात. तीं लांकडी काडीनें मोकळीं करावीं. मग लहान हातोडीनें चॅसी हलकेच ठोकून पाहावी. निरोगी पोलाद खणखणीत वाजतें, कुजलेलें बद्द वाजतें. वरवरचा गंज खरवडून, अस्तराचा रंग देऊन त्यावर पक्का रंग द्यावा. हें काम घरीं होतें. परंतु जेथें पोलादास भोक पडलें असेल तेथें घरगुती ठिगळ लावूं नये. चॅसीचें वेल्डिंग हें जाणत्या कारागिराचेंच काम आहे. डिझेल फिल्टरच्या तळाशींही पाणी सांचतें. तळचा स्क्रू सैल करून, स्वच्छ डिझेल येईपर्यंत तें भांड्यांत सोडून द्यावें. हें पाणी पुढें गेलें तर इंजेक्टर व पंप बिघडतात, आणि तो खर्च लहान नसतो.

दुसरी धूळ. या गाडीच्या इंजिनास हवा दाबून भरणारा टर्बो असतो. त्याचें चाक मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेऊं शकतें. एवढ्या गतीस धुळीचा कण किंवा तेलाची टंचाई, दोन्ही घातक. म्हणून हवेचा फिल्टर मळ्याच्या कच्च्या रस्त्यांवर फिरणाऱ्यांनीं पुस्तिकेंतील मुदतीची वाट न पाहतां बदलावा. इंजिनाचें ऑइल पुस्तिकेंत सांगितलेल्या जातीचेंच घालावें. घाट चढून आल्यावर लगेच चावी फिरवून इंजिन बंद करूं नये; मिनिटभर तें संथ चालूं द्यावें, म्हणजे तापलेल्या टर्बोस तेल मिळत राहतें. रेडिएटरांत बोअरचें जड पाणी ओतल्यानें आंत क्षारांचा थर बसतो व गाडी उन्हाळ्यांत तापूं लागते. तेथें शुद्ध केलेलें पाणी व कूलंट यांचें सांगितलेल्या प्रमाणाचें मिश्रणच घालावें, आणि इंजिन गरम असतांना रेडिएटरचें झांकण कधींही उघडूं नये.

तिसरा वैरी उतार, आणि तोच सर्वांत मोठा. समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा भाग जून २०२५ मध्यें खुला झाल्यापासून पुष्कळ वाहनें बोगद्यांतून जाऊं लागलीं आहेत, तरी कसारा घाट कांहीं ओस पडलेला नाहीं. आणि सप्तशृंगीच्या गडाचा घाट तर आहेच. उतारावर ब्रेक दाबला कीं गाडीची गति नाहींशी होत नाहीं. तिची उष्णता होते. ती उष्णता ब्रेकच्या तेलापर्यंत पोंचते. हें तेल हवेंतील ओल शोषतें. डॉट ४ या जातीच्या कोऱ्या तेलाचा उत्कलनबिंदु किमान २३० अंश सेंटिग्रेड असतो. ठरावीक प्रमाणांत पाणी शोषल्यावर त्याची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. तेल उकळलें म्हणजे नळींत वाफ होते. वाफ दबते, आणि पायाखालचा ब्रेक एकाएकीं पोकळ होऊन तळास जातो. घाटांत ब्रेक लागला नाहीं असें जें आपण ऐकतों, त्याचें एक कारण हें आहे. म्हणून ब्रेकचें तेल डबींत भरलेलें दिसलें तरी दर दोन वर्षांनीं तें संपूर्ण बदलावें. पुढच्या चाकांच्या डिस्क सहज दिसतात, पण मागचे ड्रम उघडल्याखेरीज आंतली गळती कळत नाहीं. ते वर्षांतून एकदां उघडून घ्यावे. आणि ज्या गिअरमध्यें घाट चढावा लागेल त्याच गिअरमध्यें उतरावा. इंजिनाचा ब्रेक कधीं उकळत नाहीं.

टायरांविषयीं एवढेंच सांगतों कीं, नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला असें समजूं नये. टायरच्या बाजूस चार आंकडे असतात. २३१८ असें असेल तर तो २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यांतला. कमी फिरणाऱ्या गाडीचें रबर झिजण्याआधींच म्हातारें होतें.

आतां घरीं काम करणाऱ्यांस एक कळकळीची सूचना. ही गाडी नुसत्या जॅकवर उचलून तिच्याखालीं कधींही शिरूं नये. जॅक हा उचलण्यासाठीं आहे, तोलून धरण्यासाठीं नाहीं. जागा सपाट व पक्की असावी. जमिनीवर राहणाऱ्या चाकांस दगड किंवा लांकडी पाचर लावावी. आणि वजन पेलणाऱ्या दोन लोखंडी घोड्या चॅसीखालीं ठेवून, गाडी हलवून पाहून मगच खालीं जावें. त्या वेळीं घरांतील एखादें माणूस जवळपास असूं द्यावें. या नियमास अपवाद नाहीं.

येथवर देखभाल झाली. फेरफारांचा प्रश्न निराळा आहे. तरुण मंडळींस गाडी आणखी उंच करावी, मोठे टायर घालावे, पुढें लोखंडी कठडा लावावा, कांचा काळ्या कराव्या, अशी हौस असते. प्रथम कायदा ऐका. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें, निर्मात्यानें मुळांत नमूद केलेल्या आणि नोंदणीपत्रांत लिहिलेल्या तपशिलाशीं विसंगत बदल करतां येत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मधील निकालांत हें स्पष्ट केलें आहे. पुढचे लोखंडी कठडे याच कलमाचा भंग आहेत, असें केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्यें राज्यांस कळविलें. कांचांवर काळी फिल्म चिकटविण्यास सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं मनाई केली.

पण कायद्याहून पदार्थविज्ञान अधिक कठोर आहे. टायरचा व्यास दहा टक्क्यांनीं वाढला तर वेगदर्शक ६० दाखवीत असतांना गाडी ६६ नें धांवते, आणि तेच जुने ब्रेक मोठें चाक थांबवूं पाहतात. गाडी उंच केली कीं गुरुत्वमध्य वर जातो व ती वळणावर अधिक लौकर उलटते. माथ्यावरच्या कॅरिअरवर लादलेलें सामान हाच दोष वाढवितें. पुढच्या कठड्यानें आपली गाडी शाबूत दिसते खरी. परंतु धडकेचा जो भाग पत्र्यानें चेपून सोसावयाचा, तो थेट चॅसींत व आंत बसलेल्यांच्या अंगांत उतरतो. आणि समोर पायीं चालणारा मनुष्य असेल, तर त्याचें काय होईल हें सांगावयास नको.

मग फेरफार करूंच नयेत काय? अवश्य करावे, पण ज्यांनीं घरचीं माणसें सुरक्षित होतात ते. बऱ्याच जुन्या स्कॉर्पिओंत मागें समोरासमोर तोंड करून बसण्याच्या आडव्या बैठका आहेत. मुलांस तेथें बसणें फार आवडतें, आणि गाडींतली तीच सर्वांत धोक्याची जागा आहे. आडव्या बसलेल्या मुलास अचानक ब्रेक लागतांच सांवरण्यास कांहीं नसतें. त्या बैठका सामानासाठीं ठेवाव्या, मुलांस मधल्या रांगेंत पट्टे लावून बसवावें, आणि मधल्या रांगेंतले पट्टे कुजले असतील तर या दिवाळींत नव्या गाणेयंत्राऐवजीं ते बदलून घ्यावे. दिव्यांच्या जुन्या तारा तपासून त्यांस योग्य फ्यूज आहे कीं नाहीं हें पाहावें. मागचें दाखविणारा कॅमेरा बसवावा, कारण या उंच गाडीच्या पाठीशीं उभें असलेलें लहान मूल चालकास दिसत नाहीं.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनीं संपते. पुढें तपासणी होऊन ती पांच-पांच वर्षांसाठीं वाढवून मिळते. या तपासणीस अडथळा समजूं नये; अधिकाऱ्याच्या डोळ्यांनीं आपली गाडी पाहण्याची ती संधि आहे. एक वही गाडींतच ठेवावी. तींत तारीख, किलोमीटर, केलेलें काम व लागलेला खर्च लिहीत जावें. गाडी राखावी कीं नाहीं, याचें उत्तर त्या वहींत मिळतें. तेल, ब्रेक, टायर, रबर यांवरचा खर्च हा राखण्याचा खर्च आहे. त्यास भिऊं नये. पण चॅसी जागोजाग कुजली असें जाणत्या कारागिरानें सांगितलें, तर ममता बाजूस ठेवून ती मान्यताप्राप्त भंगार केंद्राकडे सोंपवावी. दुसऱ्याच्या माथीं मारूं नये. कारण तिच्यांत उद्यां दुसऱ्या कोणाचीं तरी मुलें बसणार असतात.