बारा खंडांचे घर

जुनी चौकट मोडल्यावाचून प्रयोग होत नाही, असे म्हणण्याचा प्रघात आहे. आम्हांस ते पटत नाही. आमचा साक्षीदार म्हणजे ऑलिव्हर नेल्सन यांची ‘द ब्लूज अँड दि अ‍ॅब्स्ट्रॅक्ट ट्रूथ’ ही तबकडी. २३ फेब्रुवारी १९६१ रोजी ती न्यू जर्सीत मुद्रित झाली. ब्लूजच्या पायावर जॅझची नवी रचना, असा हा प्रयोग.

ब्लूजचा नेहमीचा साचा म्हणजे चार-चार ठोक्यांचे बारा खंड, की फिरून पहिल्यावर, आवर्तनच म्हणाना. ‘स्टोलन मोमेंट्स’ प्रथम ऐकताना आम्ही बोटांवर बारा मोजू लागलो आणि साफ फसलो! मुखडा निघाला सोळा खंडांचा: आठ, सहा, दोन. पण तो संपून फ्रेडी हबार्ड यांचे ट्रम्पेट पुढे सरसावते, आणि पाहावे तो खाली तेच बारा खंडांचे जुने घर उभे! मग एरिक डॉल्फी यांची बासरी त्या घरात स्वैर हिंडते. भिंतीच नसत्या, तर त्या हिंडण्याचे नवल कोणास वाटले असते? नेल्सन स्वतः टेनर सॅक्सोफोनवर येतात, ते मात्र अगदी मोजके बोलतात.

जॉर्ज बॅरो यांच्या बॅरिटोन सॅक्सोफोनला तर साऱ्या तबकडीत एकल वादनच नाही. मुखड्यातील गडद, भरदार रंग मात्र बराचसा त्यांचा आहे.